भ्रूणपरीक्षा : निवडणे आणि पसंत करणे



विषय थोडा अवघड आहे आणि थोडा नाजूकही आहे. एके काळी असा विषय स्त्रीपुरुषांच्या भर सभेत काढावयाचा म्हणजे वक्त्यास दहादा विचार करावा लागला असता. आज तालुक्याच्या गावीसुद्धा वंध्यत्वोपचाराच्या पाट्या झळकतात. मूल व्हावे म्हणून तेथे गेलेल्या जोडप्यास आता आणखी एक प्रश्न विचारला जातो : “भ्रूणाची तपासणी करून घ्यावयाची काय?” उत्तर देण्यास सवड थोडी असते, मन हळवे झालेले असते आणि पैसा आधीच पाण्यासारखा गेलेला असतो. ज्या प्रश्नाचे उत्तर घाईत द्यावे लागते, त्याचा विचार आधी निवांतपणे करून ठेवावा, हे शहाणपणाचे. व्याख्यानमालांचा उपयोग तरी याहून दुसरा कोणता?

प्रथम या विद्येचा इतिहास थोडक्यात पाहू. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम या गावी, मातेच्या शरीराबाहेर फलन झालेल्या बीजापासून जगातील पहिले मूल जन्मास आले. केंब्रिजचे शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स, शल्यविशारद पॅट्रिक स्टेप्टो आणि प्रयोगशाळेचा भार वाहणारी परिचारिका जीन पर्डी या तिघांच्या दहा वर्षांच्या खटपटीचे ते फळ होते. एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर इतर दोघे हयात नव्हते. त्याच १९७८ सालच्या ऑक्टोबरात कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हीच गोष्ट साधल्याचे जाहीर केले. पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि उपेक्षेने खचून १९८१ साली त्यांनी आपल्या आयुष्याचा शेवट करून घेतला. पुढे १९८६ च्या ऑगस्टात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी नलिका-बालिका जन्मली, तेव्हा ती भारतातील पहिली मानली गेली. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्यायांची टिपणे स्वतः वाचली आणि १९९७ साली पहिलेपणाचा मान मोकळ्या मनाने त्यांना देऊन टाकला. शास्त्रज्ञाने स्वतःच्या गळ्यातील हार काढून दुसऱ्याच्या तसबिरीस घालावा, असे प्रसंग विरळाच.

आता भ्रूणपरीक्षा म्हणजे काय ते पाहू. उपचाराच्या वेळी स्त्रीस काही दिवस इंजेक्शने देऊन एकाऐवजी अनेक स्त्रीबीजे परिपक्व करतात. ती बाहेर काढून काचपात्रात त्यांचे फलन घडवितात. फलित बीज पहिल्या दिवशी एका पेशीचे, तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशींचे, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी शंभर-दीडशे पेशींची पोकळ गोळी होते. डोळ्यांना ती जेमतेम ठिपक्याएवढी दिसते. या गोळीत आत एका बाजूस पेशींचा एक पुंजका असतो. त्यातून पुढे मूल घडावयाचे असते. बाहेरचे जे आवरण, त्यातून मुख्यतः वार तयार होते. परीक्षक या आवरणातील पाच-दहा पेशी हलक्या हाताने काढून घेतो, भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतो, आणि काढलेल्या पेशींतील जनुकांची व गुणसूत्रांची तपासणी करतो. निकाल हाती आल्यावर कोणता भ्रूण गर्भाशयात ठेवावयाचा ते ठरते.

ही परीक्षा मनुष्याच्या बाबतीत प्रथम यशस्वी झाली ती १९९० साली, लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात. ॲलन हँडीसाइड, रॉबर्ट विन्स्टन आणि त्यांचे सहकारी यांच्याकडे अशी जोडपी आली होती, की ज्यांच्या कुळात मुलग्यांनाच ग्रासणारे भयंकर रोग होते. त्या रोगांचा दोष क्ष-गुणसूत्रावर असतो. मुलीजवळ दोन क्ष-गुणसूत्रे असल्यामुळे एकातील उणीव दुसरे भरून काढते. मुलग्याजवळ एकच, त्यामुळे तो सापडतो. रोगाचे नेमके जनुक तपासण्याची सोय तेव्हा नव्हती. म्हणून त्यांनी फक्त भ्रूण मुलाचा की मुलीचा एवढेच पाहिले आणि मुलीचे भ्रूण गर्भाशयात ठेवले.

श्रोतेहो, या घटनेतील विलक्षण गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. जगातील पहिली भ्रूणपरीक्षा ही लिंगपरीक्षाच होती, आणि तिच्यात पसंती मिळाली ती मुलींना! ज्ञान एकच, पण लंडनच्या त्या खोलीत त्याने जे केले, आणि आपल्याकडील बंद खोल्यांत तशाच ज्ञानाने जे केले, त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. हे अंतर कशामुळे पडते, हाच आमच्या आजच्या भाषणाचा मुख्य मुद्दा आहे.

या मुद्द्याची किल्ली आपल्या मराठी भाषेतच सापडते. ‘निवडणे’ हा आपला एक घरगुती शब्द आहे. गृहिणी तांदूळ निवडते आणि साडीही निवडते. शब्द एकच, पण क्रिया दोन. तांदूळ निवडताना ती खडा काढते, दात दुखावेल म्हणून. उरलेल्या दाण्यांत हा लांब, तो आखूड, असा भेद ती करीत बसत नाही. साडी निवडताना मात्र रंग, काठ, पदर, शेजारणीची साडी, सारे काही मनात असते. तेथे दोष काढावयाचा नसतो, पसंती करावयाची असते. भ्रूणपरीक्षेतही याच दोन क्रिया आहेत. खडा काढणे वेगळे आणि पसंत करणे वेगळे. संकट येते ते पहिलीच्या नावाखाली दुसरी सुरू होते तेव्हा.

प्रथम खडा काढण्याविषयी. थॅलेसेमिया या रोगाचे उदाहरण घेऊ. आई आणि बाप दोघेही या रोगाचे वाहक असले, तरी स्वतः अगदी धडधाकट असतात. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण हा गैरसमज लग्नाच्या बाजारात फार नुकसान करतो. पण अशा दोघांच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत चारांत एक एवढा धोका राहतो. रोगी मुलास दर दोन-चार आठवड्यांनी रक्त भरावे लागते, जन्मभर. त्या रक्तातील लोह हृदयात व यकृतात साचू नये म्हणून आणखी औषधे. ज्या घरात असे एक मूल आहे, त्या घरातील आईबापांनी दुसऱ्या मुलाची इच्छा धरताना काय भोगले असेल, याची कल्पना करावी.

अशा जोडप्याचे आठ भ्रूण झाले, तर सरासरीच्या हिशेबाने दोन रोगी, चार वाहक आणि दोन पूर्ण निर्दोष निघतील. यांतील सहा भ्रूण गर्भाशयात ठेवण्यास योग्य. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात दान कसेही पडू शकते. पूर्वी या जोडप्यापुढे गर्भ राहिल्यावर तपासणी करणे आणि गर्भ रोगी निघाल्यास तो पाडणे, एवढाच मार्ग होता. तो मार्ग आजही आहे, पण पोटातील गर्भ वाढीस लागल्यावर असा निर्णय घेणे स्त्रीस किती जड जाते, ते येथे बसलेल्या भगिनींना सांगावयास नको. भ्रूणपरीक्षेने हा निर्णय गर्भ राहण्यापूर्वीच होतो. हा लाभ लहान नाही. मात्र एवढ्या थोड्या पेशींतून काढलेला निष्कर्ष क्वचित चुकूही शकतो, म्हणून जाणते डॉक्टर गर्भ राहिल्यानंतर पुन्हा एकदा खात्री करून घेण्याचा सल्ला देतात.

याच विद्येचा एक आणखी पुढचा प्रकार आहे. थॅलेसेमिया झालेल्या मुलास जुळणारा अस्थिमगज सख्ख्या भावंडाकडून मिळाला, तर तो बरा होऊ शकतो. भावंड जुळण्याची शक्यता चारांत एक, आणि ते रोगमुक्त असण्याची चारांत तीन. दोन्ही गोष्टी एकत्र मिळण्याची सोळांत तीन. भ्रूण तपासून असे भावंड जन्मास घालण्यात आले, आणि २०२० साली अहमदाबादेस त्या लहानग्या बहिणीच्या अस्थिमगजाने थोरल्या भावाचे रक्त सुधारले. येथे मनात एक शंका उभी राहते. एका मुलास दुसऱ्याच्या औषधासाठी जन्म द्यावा काय? आमचे उत्तर असे की, आईबापांस ते मूल मूल म्हणूनही हवे असेल, तर हा उपयोग त्याच्या मोलात भर घालील. केवळ औषध म्हणूनच हवे असेल, तर त्यात त्या मुलाची मानहानी आहे. कायदा आईबापांच्या मनात शिरू शकत नाही. तेथे त्यांच्या सदसद्विवेकावरच भिस्त ठेवावी लागते.

आता पसंतीकडे वळू. या बाबतीत महाराष्ट्राने जगास शिकवावे असा अनुभव गाठी बांधला आहे, आणि तो अभिमानाचा नाही. गर्भजलपरीक्षा १९७० च्या दशकात आपल्या देशात आली ती गर्भातील व्यंगे शोधण्यासाठी, म्हणजे खडा काढण्यासाठी. पाहता पाहता मुलगी हाच खडा ठरला! १९८० च्या दशकात मुंबईतील स्त्री-संघटनांनी, काही डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी याविरुद्ध आवाज उठविला, आणि १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला व १९९६ पासून अमलात आला. पण कायदा गर्भापुरता होता, आणि विद्या गर्भाच्याही मागे, भ्रूणापर्यंत जाऊन पोहोचली होती. मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर २००३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली.

जनगणनेचे आकडे मात्र कायद्यापेक्षा स्पष्टवक्ते असतात. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. वीस वर्षांत दर हजारी बावन्न मुली कमी झाल्या. हे पाप अडाण्यांचे म्हणून हात झटकता येणार नाही. सोनोग्राफीचे यंत्र चालविणारा आणि त्याचे शुल्क मोजणारा, दोघेही शिकलेलेच होते. ज्या समाजात ज्ञानेश्वरांबरोबर मुक्ताबाईचेही नाव आदराने घेतले जाते, त्या समाजाने हे केले आहे.

म्हणून आजचा कायदा नीट समजून घ्यावा. प्रजननसाहाय्याच्या तंत्रज्ञानाचे नियमन करणारा केंद्राचा कायदा २०२१ साली झाला आणि २०२२ च्या जानेवारीत अमलात आला. भ्रूणाची जनुकीय परीक्षा केवळ ज्ञात, आधीपासून असलेल्या, आनुवंशिक रोगांसाठीच करावी, असे तो सांगतो. मुलगा हवा की मुलगी, अशी निवड त्याने निषिद्ध ठरविली आहे. लंडनच्या उदाहरणाप्रमाणे लिंगाशी निगडित रोग असेल, तेवढाच काय तो अपवाद. अशा निवडीच्या सोयीची जाहिरात करणाऱ्यास पाच ते दहा वर्षांचा कारावास, किंवा दहा ते पंचवीस लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. खडा आणि साडी यांतील भेद कायद्याने आपल्या भाषेत मांडला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता एका तिसऱ्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. घरात कोणताही आनुवंशिक रोग नसलेल्या, केवळ मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यासही भ्रूणातील गुणसूत्रे मोजून घेण्याचा सल्ला दिला जातो. त्यामागील विचार वरवर पटण्याजोगा आहे. मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. स्त्रीचे वय वाढते तसे गुणसूत्रांची संख्या चुकलेले भ्रूण अधिक निघतात, आणि असे बहुतेक भ्रूण रुजत नाहीत किंवा गर्भपात होतो. तेव्हा मोजून घेतलेले बरे, असे कोणासही वाटेल.

पण प्रयोगांनी काय दाखविले? २००७ साली नेदरलँड्समध्ये ३५ ते ४१ वर्षे वयाच्या ४०८ स्त्रियांवर परीक्षा झाली. भ्रूण तपासलेल्या गटात शेकडा २४ स्त्रियांना मूल झाले, न तपासलेल्या गटात शेकडा ३५ जणींना. ती जुनी पद्धत होती, हे खरे. नव्या पद्धतीची परीक्षा २०१९ साली ६६१ स्त्रियांवर झाली. एकंदरीत विशेष फरक पडला नाही, मात्र ३५ च्या पुढील स्त्रियांत काहीसा लाभ दिसला. २०२१ साली चीनमध्ये तरुण व चांगले भ्रूण असलेल्या १२१२ स्त्रियांच्या अभ्यासात, तपासलेल्या गटात शेकडा ७७ आणि न तपासलेल्या गटात शेकडा ८२ स्त्रियांना अखेर मूल झाले. असे का व्हावे? कारण परीक्षेने भ्रूण सुधारत नाही. सुपाने धान्य पाखडता येते, वाढविता येत नाही; आणि पाखडण्यात थोडे चांगले धान्यही उडून जाते. पेशी काढल्या जातात त्या वारेच्या बाजूच्या, मुलाच्या बाजूच्या नव्हेत. पुष्कळ भ्रूणांत निर्दोष व सदोष पेशी मिसळलेल्या असतात. इटलीतील डॉक्टरांनी असे मिश्र भ्रूण १८ स्त्रियांच्या गर्भाशयात ठेवले, आणि त्यांतून सहा निरोगी मुले झाली, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. एरवी ते सहाही भ्रूण टाकून दिले गेले असते. वारंवार गर्भपात होणाऱ्या किंवा वय वाढलेल्या स्त्रीस या तपासणीने मनस्ताप वाचविता येईल. पण ती सर्वांनीच करावी असा शास्त्राचा आदेश नाही.

परदेशात तर याच्याही पुढची दुकाने उघडली आहेत. अमेरिकेत काही कंपन्या भ्रूणाच्या हजारो जनुकांची बेरीज मांडून पुढे त्यास मधुमेह होईल काय, त्याची बुद्धी कशी असेल, याचे अंदाज विकतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याचा हिशेब काढला. दहा भ्रूणांतून सर्वांत ‘उंच’ भ्रूण वेचला, तरी उंचीत सरासरी भर पडेल ती सुमारे अडीच सेंटिमीटरची! आणि हे अंदाज मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बसविलेले असल्याने आपल्या बाबतीत ते आणखीच लंगडे पडतात. पत्रिका पाहण्याची आपली जुनी सवय आहे. ती प्रयोगशाळेच्या कागदावर छापून आली म्हणून शास्त्र होत नाही.

हे सारे हसण्यावारी नेऊ नये. ‘सुप्रजनन’ हा शब्द महायुद्धापूर्वी आपल्याकडील सुशिक्षितांतही मोठ्या उत्साहाने उच्चारला जात असे. त्याच विचाराने जर्मनीत १९३३ साली कायदा झाला आणि सुमारे चार लाख माणसांना सक्तीने संततीस मुकविण्यात आले. तेथे सक्ती सरकारची होती. आज सक्ती कोणाची नाही. पण सासूची, शेजाऱ्याची आणि जाहिरातीची सक्ती सरकारच्या सक्तीहून सौम्य असते असे नाही. “तपासणीची सोय होती, मग असे मूल का होऊ दिले?” हा प्रश्न उद्या एखाद्या अपंग मुलाच्या आईस विचारला जाऊ लागला, तर आपण पुढे गेलो की मागे? रोग टाळणे हे चांगलेच. पण रोग घेऊन जन्मलेल्याचा हक्क त्याने तसूभरही कमी होता कामा नये. त्याला रक्त, औषध, शाळा आणि मान मिळालाच पाहिजे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ही विद्या खर्चाची आहे, आणि ज्यांना तिची सर्वांत अधिक गरज, त्यांच्या आवाक्याबाहेरची आहे. सिकलसेलचा रोग गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडील आदिवासी बांधवांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यांना भ्रूणपरीक्षा सांगणे म्हणजे तहानलेल्यास पन्ह्याचे वर्णन ऐकविणे होय. त्यांच्यासाठी साधी रक्ततपासणी हाच मार्ग. २०२३ साली केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरविले. हे काम नेटाने झाले, तर ते हजार प्रयोगशाळांहून अधिक दुःख टाळील. आणि आपणही पत्रिकेतील छत्तीस गुण पाहण्याआधी मुलामुलींच्या रक्ताची एक तपासणी करून घेतली, तर त्यात कोणाचे काय बिघडणार आहे? दोघे वाहक निघाले म्हणून लग्न मोडावे असे नाही; जाणून करावे एवढेच.

ज्यांच्यावर हा निर्णय घेण्याची वेळ येईल, त्यांनी डॉक्टरांस तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. आमच्या बाबतीत कोणता रोग तुम्ही शोधीत आहात? तपासणी न केल्यास आमचे नेमके काय नुकसान होईल? आणि निकाल संशयास्पद आला, तर त्या भ्रूणाचे काय करणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावणार नाही. रागावला, तर उत्तर मिळाले असे समजावे.

विज्ञानाने आपल्या हाती सूप दिले आहे. त्याने खडे काढावेत, दाण्यांचा अपमान करू नये. जन्मास येणारे मूल हे आपल्या पसंतीचा माल नसून आपल्या घरी येणारा पाहुणा आहे. त्याची वाट झाडून ठेवणे आपले काम, त्याचा चेहरा ठरविणे आपले नव्हे. एवढा विवेक या गावात जागा राहिला, तर आजची संध्याकाळ सत्कारणी लागली असे आम्ही समजू.